वाढपी सरांचं प्रास्ताविक

लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून आलेल्या माणसाच्या हातात वरणाची बादली देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. निमंत्रणपत्रिकेवर त्यांचं खरं नाव असायचं, पण आम्ही सगळे त्यांना वाढपी सर म्हणायचो. पिंपळगाव राजाजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेतून ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. शाळकरी मुलांसाठी मोबाइलवरचे धडे आणि खेळ बनवणाऱ्या आमच्यासारख्यांचं संमेलन ते दरवर्षी खामगावच्या एका मंगल कार्यालयात भरवत. मी तेव्हा पुण्याची नोकरी सोडून घरी परतले होते आणि मुलांसाठी गणिताचं एक ॲप बनवत होते.

संमेलनाचं आमंत्रण ते घरोघरी जाऊन द्यायचे. उन्हातान्हात, स्कूटरवर, पार दुसरबीडपर्यंत. मी एकदा म्हटलं, "सर, ग्रुपवर टाका ना मेसेज, कशाला एवढी दगदग?" तर म्हणाले, "व्हॉट्सॲपवर बोलावलेला माणूस व्हॉट्सॲपवरच येते, पोरी." मग चहा घ्यायचे, आईची चौकशी करायचे आणि पत्रिकेला हळदकुंकू लावून माझ्या हातात द्यायचे. घरात लग्न निघाल्यासारखं वाटायचं.

संमेलनाची रीत त्यांनीच पाडलेली. सकाळी ॲपवाल्यांनी पडद्यावर आपापलं काम दाखवायचं. दुपारी शिक्षकांची पंगत बसायची आणि ॲपवाल्यांनी वाढायचं. रोडगे, वरण, वांग्याची भाजी. कारण साधं होतं. शिक्षकांपुढे माइक धरला की ते "अतिशय स्तुत्य उपक्रम" म्हणून मोकळे होतात. पण तीच माणसं मांडी घालून जेवायला बसली की मनातलं बोलतात. सर म्हणायचे, "बसलेल्या माणसाले खोटं बोलाची घाई नसते, अन् वाढणाऱ्याले पळता येत नाही. वाढत राह्य अन् ऐकत राह्य."

पहिल्या वर्षी माझ्याकडे भाजी होती. बीबी गावाकडच्या एका शिक्षिका बाईंनी पत्रावळीवर हात आडवा धरला. "भाजी मंग वाढा. आंधी मले सांगा, उत्तर चुकलं की तुमच्या ॲपमधी तो भोंगा काऊन वाजते? माह्या वर्गातली एक पोरगी त्या आवाजानं मोबाइलले हात लावत नाही." मी म्हटलं, "अहो, मुलांना मजा वाटते त्याची." बाई म्हणाल्या, "कोणत्या लेकराले?" मागची ओळ भाजीसाठी ओरडत होती. असा राग आला म्हणता! घरी जाऊन दोन दिवस धुसफुसले आणि तिसऱ्या दिवशी भोंगा काढून टाकला.

एकदा एका मोठ्या कंपनीचे साहेब आले होते. संमेलन हॉटेलात घेऊ, बुफे ठेवू, सगळं आमच्याकडे लागलं, म्हणाले. सरांनी त्यांना आग्रहाने जेवू घातलं आणि शांतपणे सांगितलं, "बुफेत माणूस ताट घेऊन कोपऱ्यात पळते, साहेब. मंग धरायचं कोणाले?" साहेब हसले. सर मात्र गंमत करत नव्हते.

सर स्वतः वरण वाढायचे, पण त्यांना कोणी काही सांगायचं कारणच नव्हतं; त्यांचं स्वतःचं ॲप नव्हतं. ते पुढे बऱ्याच वर्षांनी झालं. डोळ्यांना चष्मा, हाताला थरथर, तरी नातवाच्या वयाच्या पोरांकडून शिकून त्यांनी पहिलीच्या मुलांसाठी अक्षरओळखीचं ॲप बनवलं. इतरांच्या कामात आयुष्यभर खोट काढली, आता आपलं काही मुलांच्या हाती पडावं, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. पुढच्या संमेलनात सरांनी ते पडद्यावर दाखवलं. आणि काय सांगू! प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला समई पेटायची. मग सर दिसायचे आणि "आदरणीय पालक, माझे शिक्षक बंधू-भगिनी आणि चिमुकल्या बालमित्रांनो" असं प्रास्ताविक सुरू व्हायचं. ते संपता संपत नव्हतं, ओलांडताही येत नव्हतं. 'क' यायच्या आत लेकरू झोपलं असतं. टाळ्या मात्र कडकडून पडल्या.

दुपारी सर बादली घेऊन पंगतीत निघाले. त्या वर्षी तापातून उठल्यामुळे मला त्यांनी वाढायला लावलं नव्हतं, जेवायला बसवलं होतं. मला सगळं ऐकू येत होतं. "कसं वाटलं?" "सुंदर, सर." "काही कमी-जास्त?" "काहीच नाही, सर. तुम्ही केलं म्हणजे..." त्याच भोंग्याच्या बाई, त्यांनीसुद्धा मान खाली घालून रोडगा कुस्करला. एकेक पत्रावळ ओलांडताना सरांचा चेहरा उतरत होता. सगळ्यांना बोलतं करणारी पंगत त्यांच्यापुढेच गप्प बसली होती.

ते माझ्यापुढे येऊन वाकले. "तू तरी बोल वं."

मी हातातला घास पत्रावळीवर ठेवला. आणि बोलले. "सर, पहिलीच्या लेकराला प्रास्ताविक कशाला? समई कशाला? त्याला 'क' पाहिजे. तुमचं भाषण ऐकून पोरं पळतील."

शेजारच्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भर पंगतीत पत्रावळ फेकली होती. सर म्हणाले, "हाव. बरोबर आहे." बादली त्यांनी दुसऱ्याच्या हाती दिली आणि माझ्या शेजारी मांडी घातली. एवढ्या वर्षांत त्यांना पंगतीत बसलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. जेवता जेवता हळूच म्हणाले, "मले वाटे लोक मान देऊन राह्यले. हे तर मले उपाशी ठेवून राह्यले होते."

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. "पहिला धडा दुरुस्त करून पाठवला. तूच पाह्य. बाकीच्याइचं माह्यावर लय प्रेम आहे."

तेव्हापासून धडे येत राहिले. आधी समई गेली. मग आदरणीय पालक गेले, शिक्षक बंधू-भगिनी गेले. भाषण दोन वाक्यांवर आलं. मी दर वेळी काहीतरी खोट काढायची, ते दर वेळी "हाव" म्हणायचे. हिवाळ्यात एका सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. सर झोपेतच गेले होते.

आदल्या संध्याकाळी त्यांनी पाठवलेला धडा माझ्या मोबाइलवर तसाच पडून होता. तो उघडायचं धाडस मला सरांचे दहाव्या-तेराव्याचे दिवस झाल्यावरच झालं. धडा सुरेख होता. बोट लावलं की लगेच 'म' उमटत होता, चित्र येत होतं, कुठे अडत नव्हतं. पण सरांचा आवाज त्यात कुठेच नव्हता. माझं ऐकून ऐकून त्यांनी प्रास्ताविक कापत नेलं आणि शेवटी स्वतःलाच काढून टाकलं. मला एवढंच सांगायचं होतं, की सर, इतकं नका कापू. लेकरू आलं की "ये, बस" एवढं तरी तुमच्या आवाजात राहू द्या.