गाठी दाबणारा

दादरच्या एका शाळेत संध्याकाळी विज्ञानावर फुकट व्याख्यान होतं. तो माझ्या शेजारी बसला होता, केसांत कापूस अडकलेला. "कॉटन ग्रीनला मशीनवर कापसाच्या गाठी दाबतो," त्याने आपणहून सांगितलं. "मोर्च्यात दिसलास तर काम गेलं, असा मुकादमाने दम दिलाय. म्हणून हितं बसलोय."

वक्ते रंगात आले होते. "पांढरा फॉस्फरस हवेत आपोआप पेट घेतो. तोच प्रचंड दाबाखाली तापवला, की काळा पडतो आणि हवेत ठेवला तरी पेटत नाही!"

हा गुडघ्यांवर तळवे दाबत ऐकत होता. एकदम उभा राहिला. "साहेब, दाब काढल्यावर तरी पेटतो ना? आमची गाठ सोडली की कापूस लगेच फुगतो."

"नाही. काळा तो काळाच राहतो."

तो मटकन बसला. तेवढ्यात खालच्या रस्त्यावरून घोषणा आली, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" तो ताडकन उठला, माझ्या पायावर पाय देत बाहेर निघाला. चेहरा नुसता फुललेला.

"फॉस्फरसचं तुम्ही ऐका, भाऊ. आपण कापूसवाले!"

फॉस्फरसचं पुढे काय होतं, ते मला आजही ठाऊक नाही. मी त्याच्या मागोमाग जिना उतरलो होतो.