पहिल्यापासून आठ मिनिटं

उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत लोखंड ओतायच्या ज्या फौंड्रीत बापानं वाळूची घमेली वाहिली, तिथंच देवाप्पा कांबळे वायरमन झाला. आयटीआयचा दाखला घेऊन तो पहिल्या दिवशी गेटातून आत शिरला, तेव्हा बाप बाहेर उभा राहून बघत होता. त्याला एकतीस वर्षं झाली. वाळूचे साचे भाजायच्या भट्टीची एकेक वायर देवाप्पाला तोंडपाठ होती. त्यानं जोडलेलं परत उघडावं लागत नाही, असं उद्यमबागेत बोललं जायचं, आणि ते कानावर पडलं की घरी हिंडलग्याला जाणाऱ्या बसमध्ये तो जरा ताठ बसायचा.

त्याची मुलगी पारमिता शहरात त्वचारोगाच्या एका दवाखान्यात मदतनीस होती. तिथं एक पलंग होता, गोव्यातल्या बंद पडलेल्या हॉटेलातून आणलेला. खाली निळसर उजेडाच्या नळ्या, वर झाकण, झाकणातही नळ्या. तिथं गोरे लोक त्यात झोपून अंग तांबूस करून घेत. इथले डॉक्टर त्यात कोड आलेल्यांना झोपवत, डागांवर औषध लावून, डोळ्यांवर काळा चष्मा देऊन. प्रत्येकाला आठ मिनिटं.

"गोव्यात उन्हाला तोटा हाय व्हय गं?" देवाप्पानं विचारलं होतं.

"पावसाळ्यात कुठलं ऊन, आप्पा?"

"म्हंजे काळं व्हायला पैसे मोजायचे! माझ्या बाला फुकटात मिळालं की."

पलंगाचा टायमर अडकायला लागला, तेव्हा पारमिता मोबाईलवर मिनिटं बघत प्रत्येक पेशंटजवळ उभी राहू लागली. बाहेर औषधं द्यायची, फोन घ्यायचे, नावं लिहायची, तेही तिच्याकडंच. "तुझ्या आप्पांना विचार," डॉक्टर म्हणाले. रविवारी देवाप्पा पेटी घेऊन गेला.

जुना टायमर चावीच्या घड्याळासारखा होता, स्प्रिंगचा. बटण पिळलं की टिकटिकत मागं यायचा आणि शून्यावर नळ्या बंद करायचा. तसला आता बाजारात मिळेना. देवाप्पानं भट्टीला बसवतात तसला, विजेवर चालणारा नवा टायमर आणला. जुन्याला दोनच वायरी होत्या. नव्याला स्वतःला चालायलाही वीज लागत होती, ती त्यानं वेगळी ओढून दिली. नळ्यांचा सगळा भार त्याच्यावर पडू नये म्हणून मध्ये मोठा स्विच घातला. मग झाकण उघडं ठेवून, हातात घड्याळ धरून तीनदा चालवून बघितलं. आठ मिनिटं म्हणजे आठच मिनिटं.

"आता उभं राहायचं काम न्हाय," तो पारमिताला म्हणाला. "ह्यो चुकणार न्हाय."

शुक्रवारी संध्याकाळी पारमिता घरी आली ती चप्पल न काढता दारातल्या खुर्चीवरच बसली. मंगळवारी आलेल्या संकेश्वरच्या एका मुलीला भाजलं होतं. सौम्या नाव, बालवाडीत शिकवते. दुसऱ्या दिवशी लाल झालं आणि आज गळ्यावर, पोटऱ्यांवर लिंबाएवढे फोड आले होते. तिचा बाप नागोजी फोनवर ओरडत होता. डॉक्टरांनी पारमिताच्या देखत त्याला सांगितलं, कामावरची पोरगी मोबाईल बघत बसली, लक्ष राहिलं नाही.

"बसलीतीस?"

"न्हाय, आप्पा. औषधं देत होते. टायमर होता की."

देवाप्पानं दारावरच्या बल्बकडं बघितलं. मग त्यानं विचारलं, "मंगळवारी लाईट गेलती काय गं?"

"वारं लई होतं. तीनदा गेलती. लगेच आली पण."

त्याला कळलं. भट्टीत लाईट गेली की अर्धा भाजलेला साचा कामाचा राहत नाही. लाईट आली की पहिल्यापासून भाजायचा. म्हणून ते टायमर वीज गेल्यावर शून्यावर येतात आणि वीज आली की नव्यानं मोजतात. ते तसंच असायला हवं, असं त्याच्या हातांना एकतीस वर्षं माहीत होतं. स्प्रिंगचा टायमर लाईट गेली तरी टिकटिकत पुढं जायचा. नव्यानं त्या मुलीला दर वेळी पहिल्यापासून आठ मिनिटं मोजायला घेतली होती. आधीची मिनिटं तिच्या कातडीत तशीच शिल्लक होती.

शनिवारी त्यानं डॉक्टरांना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"तो टायमर मी कालच काढून टाकला, आप्पा. विषय संपला."

"मी लिहून देतो की चूक माझी म्हणून."

"तुमच्याकडे असल्या मशीनचं लायसन आहे? मग मलाही विचारतील, याला कुणी बोलावलं. तुम्ही गप्प राहिलात तर तुमच्या मुलीला मी कामावरून काढत नाही. पोरांकडून चुका होतात. लोक विसरतात."

बाहेर पारमिता उभी होती. "आप्पा, गप बसा," ती हळूच म्हणाली. "म्हैन्यानं कोण इचारतंय?" तिच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं. वाटेत एक ओळखीची बाई तिला बघून नुसतीच पुढं गेली, ते देवाप्पानं पाहिलं.

रविवारी तिला न सांगता तो संकेश्वरला गेला. नागोजी बसचा निवृत्त ड्रायव्हर होता. त्यानं पाणी दिलं, पण देवाप्पा त्या दवाखान्यातल्या पोरीचा बाप आहे हे कळल्यावर तांब्या उचलून आत नेऊन ठेवला.

देवाप्पानं सगळं सांगितलं. लाईट, टायमर, भट्टी. नागोजी भिंतीला टेकून ऐकत राहिला.

"झालं?" तो म्हणाला. "लेकीला वाचवायला आलायसा. माझ्या लेकीनं असं केलं असतं तर मीबी असंच कायतरी जुळवून आणलं असतं."

"जुळवलेलं न्हाय, अण्णा. दाखवतो तुम्हाला."

"कुठं हाय टायमर?"

"डॉक्टरांनी काढून टाकला."

"व्हय. काढूनच टाकणार की."

एकतीस वर्षांत कामाबद्दल देवाप्पाचा शब्द कुणी खोटा पाडला नव्हता. इथं तर तो स्वतःची चूक सांगत होता आणि तीही कुणी घ्यायला तयार नव्हतं.

आतल्या दाराचा पडदा हलला. सौम्या उभी होती. गळ्याला पातळ ओलं फडकं, मान एका बाजूला धरलेली.

"खरं सांगतात ते," ती म्हणाली. "मशीन चारदा लागलं."

"तुला काय म्हाईत? डोळ्यांवर चष्मा होता."

"ऊब आली-गेली की कळायचं. मनात मोजत होते मी. पयल्यांदा सहा, मग सात, मग पाच, मग आठ. सव्वीस झाली."

नागोजी सरळ झाला. "मग हाक का न्हाय मारलीस? ती पोरगी बाहेरच होती न्हवं?"

सौम्यानं फडकं जरा सैल केलं. "मला वाटलं, जास्त मिळालं तर लवकर भरून येतील डाग."



"पोरी, बंद करायचं काम माझं होतं," देवाप्पा म्हणाला. "तुझं न्हवतं." तिनं मान हलवायचा प्रयत्न केला, पण दुखलं असावं. ती आत गेली.

नागोजी उंबऱ्यावर बसला. देवाप्पा उठून चपला शोधू लागला, तेव्हा त्याच्याकडं न बघता तो म्हणाला, "तुमच्या लेकीला मी लई वंगाळ बोललो फोनवर. तिला सांगा..."

देवाप्पा एक चप्पल घालून थांबला. मग त्यानं दुसरी घातली आणि स्टँडकडं चालू लागला. घरी गेल्यावर पारमिताला आधी काय सांगायचं, तिच्यावरचा आळ गेला हे, का आता डॉक्टर तिला कामावरून काढतील हे, ते त्याचं अजून ठरत नव्हतं.