शेजारची पानं

बातमी आली तेव्हा मी कल्याणला सभेची पत्रकं वाटत होतो. धाकटा भाऊ सायकल टाकून आला, म्हणाला, "कुंदाआत्या गेली..." मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरने लिहिलं, वार्धक्य. आत्याची साठीही धड उलटली नव्हती. शेवटचे दोन हिवाळे ती उशांना टेकून, बसूनच झोपायची, आणि घर डोंबिवलीच्या त्या टोकाला, कारखान्याच्या चिमणीसमोर. वार्धक्य म्हणे.

अंगणातल्या कुंड्यांत तिचे आयरिस होते. तलवारीसारखी पानं, सकाळी उमलून संध्याकाळी मिटणारी फुलं. कॉलेजात असताना धुराविरुद्ध पहिलं पत्रक काढलं, तेव्हा पुरावा म्हणून मी तिच्याकडे डागाळलेली पानं मागायला गेलेलो. तिने पान उलटं केलं, उजेडात धरलं. "हे ठिपके बघ, मध्ये करडे, भोवती पिवळी कड. बुरशी आहे ही. कुंड्या मी दाटीने ठेवल्या, पाणी पानांवर ओतलं. ह्यात तुझा कारखाना कुठे आला?"

"आत्या, तू नक्की कोणाच्या बाजूची?"

"पानाच्या."

मग दुसरं पान दाखवलं, शेंड्याकडून तांबूस करपलेलं. मी लगेच म्हटलं, "हा धूर." "थांब रे. एकट्या आयरिसला झालं असेल तर रोग. आधी शेजारची पानं बघ." बघितली. कर्दळ, जास्वंद, कुंपणातलं गवतसुद्धा चिमणीच्या बाजूने करपलेलं. "आता लिही," ती म्हणाली. "पण ते ठिपक्यांचं पान वगळ. एक खोटं सापडलं की तुझी सगळी खोटी ठरवतील."

पुढे तिची छाती वाजायला लागली. मी चिडून म्हणायचो, धुरानेच केलं हे. ती धाप आवरत म्हणायची, "तुझ्या आजोबांनाही दमा होता. मला एवढ्यात पत्रकात घालू नकोस..."

आता मित्र म्हणतात, तिचा फोटो छाप, खाली 'धुराचा बळी'. माझ्याही हाताला तेच शब्द येतात. गेल्या रविवारी तिच्या घरी गेलो. कुंड्यांना बुडाशी पाणी घातलं, पानांवर नाही. ठिपक्यांची पानं तिच्याच कात्रीने कापली. उरलेल्यांचे शेंडे करपलेलेच होते. कात्री हातातच होती, तसाच शेजारचं दार वाजवलं. काकूंनी उघडलं. विचारलं, "तुमच्याकडे कोणाला खोकला, दमा आहे का?"

काकूंनी दार पूर्ण उघडलं. "तू कुंदाचा भाचा ना? ये, आत बस. कोणाकोणाचं सांगू?"