हावभावाचा रकाना

माणसांच्या गोष्टी जमवायला कुठं जावं लागत नाही. टेबलाच्या कोपऱ्यावर वही घेऊन बसलं, की त्या आपल्या पायांनी चालत येतात! पन्नासच्या दशकात पिंपरीच्या माळावर आमचा कारखाना उभा राहत होता आणि मी नोकरभरतीचा कारकून होतो. मुलाखती घ्यायला मुंबईहून दिघेसाहेब आले होते. हल्ली ज्याला बॉडी लँग्वेज म्हणतात, त्यासाठी त्यांनी फॉर्मवर 'हावभाव' असा खास रकाना काढला होता. म्हणायचे, "तोंड खोटं बोलतं, अंग नाही."

पहिल्याच दिवशी चिंचवडचा एक तरुण आला. उत्तरं सगळी बरोबर, पण नजर जमिनीवर. साहेबांनी लिहिलं, 'काहीतरी लपवतो.' मी हळूच सांगितलं, की साहेब, आमच्याकडे मोठ्यांच्या नजरेला नजर देत नाहीत. साहेबांनी शेरा खोडला आणि बाहेर निरोप धाडला, वर बघून बोला. पुढच्या पठ्ठ्यानं जी नजर लावली, ती पापणीसुद्धा हलेना! शेवटी साहेबांनीच मान खाली घातली. त्याला गेटवर वॉचमन म्हणून घेतला.

मावळातला एक गडी खुर्चीच्या टोकावर अवघडून बसला होता. साहेब म्हणाले, नीट बसा. त्यानं दोन्ही पाय वर घेतले आणि खुर्चीवर झकास मांडी घातली. रकान्यात शेरा पडला, 'आत्मविश्वास भरपूर.'

सोलापूरच्या एकाचे पाय टेबलाखाली सारखे हलत होते. घाबरलात का, असं साहेबांनी विचारलं. तो ओशाळून म्हणाला, "चौदा वर्षं हातमागावर काढली साहेब. बसलो की पाय आपोआप चालतात." त्याला लगेच मशीनवर घेतला.

आता चपलांचं. दाराबाहेर त्यांचा ढीग पडायचा आणि जाताना अदलाबदल व्हायची. वैतागून साहेबांनी पाटी लावली, 'पादत्राणे घालूनच आत यावे.' त्याच आठवड्यात पिंपरीचेच रखमाजी आले. वय पंचेचाळीस, शाळा नाही. त्यांची जमीन याच कारखान्यात गेलेली, आता नोकरी मिळाली तरच घरची चूल पेटणार. मला त्यांची फार काळजी वाटत होती.

पाटीप्रमाणे ते चपला घालून आत आले. खोलीच्या मध्यावर थबकले, चपला काढून हातात घेतल्या आणि मग पुढे आले. पाटी वाचली नाही का, साहेबांनी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"बाहेरच्यांनी वाचून दावली, सायेब. पर हितनं फुडं आमचं खळं व्हतं. धान्याची रास पडायची. तितं पायताण घालून कसं यायचं?"

साहेबांनी खाली जमिनीकडे पाहिलं. मग म्हणाले, "सोमवारपासून या."

हावभावाचा रकाना कोराच राहिला होता. काय लिहू, असं विचारायला मी वळलो आणि माझी पेन्सिल खाली पडली. उचलायला वाकलो, तर टेबलाखाली साहेबांचे बूट एका बाजूला काढून ठेवलेले होते.