बिनडागाचं पिल्लू

नेरळजवळच्या पोशीर गावच्या भागूबाईला कुणी "बिचारी" म्हटलेलं खपत नसे. म्हणणारा पाटील असो की पाहुणा, ती तिथल्या तिथं सुनवायची, "बिचारी आसंल तुजी गाय. माज्या गोठ्यात माज्या शेळ्या हायेत."

आणि होत्याच. शेत सासऱ्याचं, घर सासऱ्याचं, पण शेळ्या तिच्या स्वतःच्या. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन नेरळहून माथेरानचा डोंगर चढायचा, बंगल्याबंगल्यांच्या मागच्या दारी काकडी-पडवळ विकायचं, असं करत एकेक शेळी तिनं जोडली होती. गावात बाईच्या नावानं ओळखला जाणारा गोठा तेवढा एकच.

त्या गोठ्यावर बिबट्या आला. सत्तेचाळीस साल सरत आलं होतं, भात झोडून झालं होतं. पहाटे गोठ्याची कुडाची भिंत फाडून त्यानं गाभण शेळी नेली. काजळ, भागूबाईची कुत्री, पडवीत निजलेली होती. पण ती म्हातारी, ठार बहिरी. तिला पत्ताच लागला नाही. उजाडल्यावर फाटलेला कूड हुंगून ती खाली मान घालून भागूबाईच्या पायाशी बसली. भागूबाईनं तिला शिवी दिली नाही. डोकं खाजवलं आणि म्हणाली, "तुजं वय झालं गं. आता तुज्या जोडीला कोनतरी बघाय पायजे."

कोण, ते तिच्या मनात पक्कं होतं. माथेरानला एका बंगल्याचा साहेब विलायतेला निघून गेला होता. मागं राहिला होता खानसामा मोहियुद्दीन, आणि साहेबाची कुत्री बुली. रुंद जबडा, आखूड केस, छाती पहिलवानाची. साहेबलोक त्या जातीला बुलटेरियर म्हणत. बुली नुकतीच व्याली होती. त्या पिल्लांवर साऱ्या डोंगराचा डोळा होता. कुत्र्यांच्या झुंजी लावणारा खोपोलीकडचा एक ठेकेदार तर वाटेल ती किंमत मोजायला तयार होता. भागूबाईकडं मोजायला काही नव्हतं. पण विचारायला तोंड होतं.

मोहियुद्दीन स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होता. भागूबाईनं पाटी उतरवली, मागणी घातली, आणि बुलीपासून लांब घरंगळलेलं एक पिल्लू उचलून ओटीतही घेतलं.

"विकायची नाहीत," तो म्हणाला. "द्यायची आहेत. कुणाला, ते बघून. तू याचं काय करशील?"

"पार तिखट करीन बगा, भाय!" भागूबाई खुलून म्हणाली. "आमच्यात रीत हाय. इळा तापवून कपाळावर डाग द्यायाचा. भाकरीत मिरची घालायाची. दिवसभर साखळीला बांदायाचं. मग कुतरा वाघाला नाय भीत, का मानसाला नाय भीत."

मोहियुद्दीननं सूप बाजूला ठेवलं, उठला, आणि तिच्या ओटीतून पिल्लू काढून घेतलं.

"पिल्लू मिळणार नाही, बाई."

"का वं? मी मोल देत नाय म्हनून?"

"डाग देतेस म्हणून."

भागूबाईचं डोकं सणकलं. "ऱ्हाऊ द्या! साहेब गेला तरी साहेबी नाय गेली तुमची! आमच्या गावात का कुतरी नायत?" पाटी डोक्यावर चढवून ती निघाली. पडवळं विकायचीसुद्धा विसरली.

नेरळपर्यंत ती स्वतःशीच भांडत उतरली. घरी आली तर काजळ शेपूट हलवत सामोरी आली. तिच्या कपाळावर, दोन डोळ्यांच्या मधे, केस न उगवलेला चट्टा होता. भागूबाई रोज तो बघत होती. त्या दिवशी तिनं त्याच्यावर बोट ठेवलं.

ती नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. सासऱ्यानं, आबाजीनं, रीतीप्रमाणे डाग दिला होता. एवढंसं पिल्लू किंचाळत पेंढ्यात शिरलं ते बाहेर येईना. नव्या नवरीनं पेंढ्यात आडवं होऊन बोटानं पेज चाटवली, तेव्हा कुठं ते जगलं. आणि आज तीच भागूबाई डागाची फुशारकी मारून आली होती! कशाला? मोठ्या दाराशी मागायला गेलं की मालकाला काय आवडेल ते बोलायची आपल्याला सवय लावलेली आहे. साहेबाचा कुत्रा, म्हणजे तिखटच हवा असणार, असा तिनं हिशेब केला. पिल्लू गेलं त्याचं तिला दुःख होतंच. पण आपण खोटं बोललो, तेही कुणी भाग न पाडता, याची तिडीक जास्त होती.

पुढच्या बाजारच्या दिवशी पाटीत भाजी नव्हती. काजळ होती. म्हातारीला डोंगर चढवेना, म्हणून भागूबाईनं गोधडी घालून तिला पाटीत बसवलं आणि पाटी डोक्यावर घेतली. नेरळच्या नाक्यावर घोडेवाले खदाखदा हसले.

"भागूबाय, आज कुतरी इकायला काडली का?"

"घेतोस का? तुज्यापरीस कमी भुकते!"

बंगल्याशी तिनं पाटी उतरवली. काजळ अंग झाडून उभी राहिली. मोहियुद्दीन बघतच राहिला.

"हे काय?"

"परवा मी बोलले ते खोटं. ही खरी हाय. इचारा हिला."

मोहियुद्दीननं कोपऱ्यातली काठी उचलली. काजळ दचकली आणि सरळ भागूबाईच्या लुगड्याआड गेली. मग भागूबाईनं हात वर केला. काजळनं त्या हाताकडं पाहिलं, आणि खाजवायला डोकं पुढं केलं.

मोहियुद्दीननं काठी खाली ठेवली. "कपाळावरचं कुणी केलं?"

"सासऱ्यानं. मी पेज पाजली. माज्या हातानं पुन्ना तसं व्हायचं नाय, आनि माज्या दारात कोनाला करू द्यायची नाय. द्यायचं तर द्या, नायतर मी हिला घेऊन उतरते. पाया पडायची नाय."

"पाया पडू नकोस. ऐक." तो पायरीवर बसला. "हा कुत्रा बिबट्याशी लढायला नाही. रात्री बाहेर बांधलास तर बिबट्या खाऊन जाईल. घरात, उंबऱ्याच्या आत निजवायचा. झुंजीला द्यायचा नाही. आणि आज न्यायचा नाही. आईला तोडून नेलेलं पिल्लू चावरं होतं. आपलं आपण खाऊ लागलं की ये."

"तो खोपोलीचा ठेकेदार?"

"आला होता. बुलीच्या तोंडातलं हाडूक काढून दाखव, मग बोलू, म्हटलं. गेला."

भागूबाईला हसू फुटलं. पण लगेच ती ताठ झाली. "फुकट नको मला. तुमची बुली रोड झालीय. तोवर तिला माज्या शेळीचं दूध."

आणि तिनं तसंच केलं. भाजीच्या पाटीत दुधाचा तांब्या घेऊन ती डोंगर चढत राहिली. बुली आधी गुरगुरायची, मग नुसती बघायची, मग वाटेत सामोरी येऊ लागली. एक दिवस भागूबाईनं तिच्या पिल्लांत हात घातला तरी तिनं मान वर केली नाही. पिल्लं आता भात-दूध मटकावत होती. मोहियुद्दीननं एक मादी उचलून भागूबाईच्या ओटीत घातली.

घरी नवरा, चांगो, वाकून बघायला लागला. "आगं, हे कुतरं हाय का डुकराचं पोर?"

"तुमच्या वळनावर गेलंय," भागूबाई म्हणाली, आणि पिल्लाचं नाव ठकी ठेवलं.

आबाजीनं विळा चुलीत खुपसला.

भागूबाई उंबऱ्यावर उभी राहिली, ठकीला छातीशी धरून. "मामंजी, घर तुमचं, चूल तुमची, इळा तुमचा. पिल्लू माजं."

"रीत हाय, सूनबाई. डाग नाय दिला तर मऊ निगंल. बिबट्या उचलंल."

"उचलंल कसा? ती आत निजंल."

"घरात? देवाम्होरं? कुतरं?" आबाजीनं लाल झालेला विळा बाहेर काढला. "आपल्या सात पिढ्यांत नाय झालं!"

"मग मी बी गोठ्यात निजते. भाकऱ्या कोन थापंल तेवढं ठरवा."

चांगो दोघांच्या मधे उभा. तेवढ्यात पडवीतली काजळ उठली. तिला यातलं अक्षर ऐकू आलं नव्हतं. पण विळा दिसला होता. म्हातारी पोट जमिनीला घासत पेंढ्याकडं सरपटली आणि तोंड आत खुपसून थरथरत पडली. शेपूट तेवढं बाहेर राहिलं.

आबाजीनं ते पाहिलं. इतक्या वर्षांनी कुत्रीला विळा आठवत होता. तो पाण्याच्या घंगाळाशी गेला आणि विळा आत बुडवला. चर्र झालं.

"चुलीपासून लांब निजवा," एवढंच म्हणाला. आणि जाऊन काजळशेजारी, पेंढ्यावर बसला.

ठकी उंबऱ्याच्या आत वाढली. शिमग्याच्या सुमाराला बिबट्या पुन्हा गोठ्याशी आला, तेव्हा ती बंद दाराआडून अशी गर्जली की चांगो आणि आबाजी पलिते घेऊन धावले. बिबट्या रिकाम्या तोंडानं गेला. ठकी त्याच्याशी लढली नाही. तिनं माणसांना उठवलं. तेवढंच तिचं काम होतं. त्यानंतर ठकी व्याली की एक पिल्लू आम्हाला दे, असं गावातले लोक भागूबाईला सांगायला येऊ लागले, तेव्हा ती आधी त्यांची कुत्री बघायला जायची. डागलेलं पिल्लू दिसलं की दारातूनच माघारी.

पावसाआधी मोहियुद्दीन श्रीवर्धनला, आपल्या गावी कायमचा निघाला. बुलीला घेऊन मुद्दाम पोशीरला आला. ठकी आईभोवती नाचू लागली. मोहियुद्दीननं तिचं तोंड हातात धरलं आणि अंगठा कपाळावरून फिरवला. सगळीकडं केस, गुळगुळीत.

"शाबास, भागूबाई," तो म्हणाला. "निघतो."

पण बुलीची दोरी भागूबाईनं मघाच हातात घेतली होती. ती सोडेना.

"गावाला घरात कोन कोन हाय?"

"बहीण आहे. रहिमा."

"तिला चालतं कुतरं?"

"तिच्या खोलीत नाही. मी पडवीत निजतो, बुली माझ्यापाशी."

"पडवीला दार हाय?"

मोहियुद्दीन हसायला लागला.

"हसू नका, भाय. मी इचारते."

मोहियुद्दीनचं हसू थांबलं. टोपी सारखी करून तो पायरीवर नीट बसला, आणि भागूबाई विचारील त्याला उत्तर देऊ लागला. दार आहे. कडी आहे. बांधून ठेवणार नाही. पावसात गोणपाट घालीन. सगळं ऐकून झाल्यावर भागूबाईनं दुधाचा तांब्या आणून बुलीपुढं ठेवला. तो रिकामा झाला, तेव्हा तिनं दोरी त्याच्या हातात दिली.