टाळूतली नळी

बायको जाऊन अजून वर्ष व्हायचंय. माझे वरचे समोरचे दोन दात ती असतानाच पडले. तेव्हा ती भाकर दुधात कुस्करून समोर ठेवायची. आता कोरडी भाकर दाढेखाली सरकवून खातो.

लेक जालन्याला दातांची डॉक्टर. तिचा फोन आला, "अप्पा, हाडात स्क्रू घालून त्यावर पक्के दात बसवू. पण आधी तुमची टाळू मोजावी लागंल."

आमच्याकडं टाळू म्हणजे डोक्यावरची. ही लेक तान्ही होती तेव्हा तिची आई रोज तिची टाळू तेलानं भरायची. मी आपला गावात, तीर्थपुरीत, न्हाव्याकडून डोकं साफ उतरवून घेतलं अन् टोपी हातात धरून दवाखान्यात हजर झालो.

"अप्पा, हे काय केलं?"

"तूच म्हनली ना टाळू!"

"तोंडातली हो! जिभेला लागती ती!"

अशी हसली, बिलकुल तिच्या आईसारखी.

मशीन माझ्या तोंडाभोवती फिरलं. कॉम्प्युटरवर माझा जबडा दिसला. पडलेल्या दातांच्या मागं हाडात एक काळी नळी. "ह्यातून शीर जाती," लेक म्हणाली. "स्क्रूला तिच्या पुढं हाड पाहिजे." तिनं नळी मोजली. मंग दुसऱ्या बाजूनं मोजली. मंग हसणं बंद झालं.

दवाखान्याचे मालक, मोठे डॉक्टर, मागून म्हणाले, "बसेल हो, थोडा तिरका घालू."

"न्हाई सर. नळी रुंद आहे, हाड पातळ. शिरेला लागंल. अन् नवं हाड भरायला अप्पांची शुगर आडवी येती."

"अहो, वडील आहेत तुमचे! दात नकोत का त्यांना?"

"दुसरं कुणी असतं तरी हेच सांगितलं असतं."

मालकांनी चित्र पुन्हा पाहिलं अन् होकारानं मान हलवली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पक्क्या दातांच्या आशेनं आल्तो. पण छाती फुगली. कुणाच्या दबावाला न वाकणारी ही पोर आमची.

तिनं कवळी करून दिली. लेक मालकापुढं वाकली न्हाई, हे सांगायला घरात आता माणूस न्हाई, म्हणून बाजारात सांगत फिरतो. परवा एकानं टोमणा मारलाच, "काय हो, लेक डॉक्टर अन् बापाला काढघालीचे दात?"

मी कवळी काढून त्याच्या नाकासमोर धरली. "बापालाबी न्हाई म्हनते, अशी डॉक्टर हाय ती. तुझी लेक म्हनंल का?"