सगळीकडे ‘होय’

मास्तरबाई म्हटलं की नवख्या माणसाला वाटायचं, या शाळेत शिकवत असणार. बाईंनी तो गैरसमज कधी दूर केला नाही. खरं तर त्या कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होत्या. एकावर एक चाळीस थर कापड अंथरायचं, खडूने रेघ मारायची आणि त्या रेघेवरून यंत्र फिरवायचं, हे त्यांनी सत्तावीस वर्षं केलं. सूतभर चूक झाली की चाळीस शर्ट वाया. त्यामुळे त्यांच्या टेबलापाशी मालकसुद्धा खोकायचा नाही.

मग संधिवाताने बोटं धरली. आधी सकाळी आखडायची आणि दुपारपर्यंत मोकळी व्हायची. पुढे मोकळी व्हायचीच बंद झाली. एक दिवस यंत्र हातातून घसरलं आणि अख्खा गठ्ठा तिरका कापला गेला. कोणी एका शब्दाने बोललं नाही, तेच बाईंना जास्त लागलं. महिना संपला तसं त्यांनी काम सोडलं.

अपंगत्वाच्या भत्त्यासाठी अर्ज करू या, असं नवऱ्याने सुचवलं. हे गृहस्थ पाणीखात्यात घरोघरच्या मीटरचे आकडे टिपायचे. आता निवृत्त होते. मुलखाचा अबोल माणूस. अर्जात एकोणीस प्रश्न होते. बाईंना पेन धरवत नव्हतं, म्हणून त्या सांगत गेल्या आणि ते लिहीत गेले. कपडे स्वतःचे स्वतः घालता येतात का? होय. डब्याचं झाकण उघडता येतं का? होय. स्वयंपाक करता येतो का? हे काय विचारणं झालं, होय. दोन-तीनदा त्यांचं पेन थबकलं, त्यांनी बाईंकडे पाहिलं, आणि सांगितलं तेच लिहिलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. अर्जदार दैनंदिन कामे कोणाच्याही मदतीशिवाय करू शकतात, सबब अर्ज नामंजूर. तीस दिवसांत अपील करता येईल.

बाईंनी पत्र कपाटात सारलं आणि विषय मिटला म्हणून सांगितलं. पण ते पत्र नणंदेच्या हाती लागलं. ती वीस वर्षं वकिलाच्या कचेरीत टायपिंग करत होती आणि तिची जीभ बोटांपेक्षा जलद चालायची. अर्जाची प्रत वाचून तिने चष्मा काढला.

“वहिनी, हा अर्ज भत्त्याचा आहे की नोकरीचा?”

बाई चिडल्या. जे येतं ते येतं म्हटलं, त्यात खोटं काय लिहिलं, असं त्यांचं म्हणणं. नणंदेने भावाकडे पाहिलं. भाऊ खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं चालल्यासारखा तिकडे बघत राहिला.

नणंदेनेच अपिलाचा कागद तयार केला. सोबत पंधरा दिवसांची नोंदवही जोडायची होती, घरातलं कोण काय मदत करतं त्याची. ती नवऱ्याने लिहिली, मीटरचे आकडे टिपायचे तशाच कोरीव अक्षरात, वेळ घालून. बाईंनी ती वाचायला मागितली नाही. घरातलं सगळं तर आपणच करतो, हा बिचारा लिहून लिहून काय लिहिणार, असं त्यांना वाटलं.

सुनावणीची खोली लहान होती. टेबलापलीकडे तिघं जण बसले होते. मधल्या चष्मेवाल्या बाई अध्यक्ष. त्यांनी वही उघडली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“पाच चाळीस. ती उठायच्या आत चहा, साखर, मीठ, सगळी झाकणं सैल करून ठेवली. पाच पन्नास. न्हाणीघरातला नळ पुरता बंद केला नाही. गच्च झाला तर तिला फिरवता येत नाही. सहा. दुधाचं पातेलं अर्धंच भरलं, जास्त तिला उचलवत नाही. सायंकाळी नवे गाऊन आणले, बिनबटणांचे. तिला सांगितलं, बटणांचे संपले होते.”

पुढची पानं तशीच होती. बाईंचं लक्ष नळापाशीच अडकलं. जन्मभर पाण्याची मीटरं वाचली आणि घरचा नळ धड बंद करता येत नाही, हे त्या नवऱ्याला तीन वर्षं ऐकवत होत्या. पाहुण्यांसमोरसुद्धा. ते मान खाली घालून म्हणायचे, विसरलो.

“हे तुम्हाला माहीत होतं?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“नाही,” बाई म्हणाल्या. “झाकण उघडायचं, म्हणून मी होय लिहायला सांगितलं. ते आधीच कोणी उघडून ठेवतं, हे मला आज कळतंय.”

“मग आता काय लिहाल?”

बाईंनी हात टेबलावर ठेवले. कारखान्यात आकडे सांगायच्या तसं एकेक सांगायला लागल्या. झाकण, नाही. नळ, नाही. बटण, नाही. भरलेलं पातेलं, नाही. कात्रीपाशी आल्या आणि टेबलावरचे हात मांडीवर घेतले. अध्यक्षबाईंनी घाई केली नाही. डावीकडच्या माणसाने पाण्याचा पेला पुढे केला, मग काहीतरी लक्षात येऊन उठला आणि तो बाईंच्या दोन्ही तळव्यांत नीट धरवला.

बाहेर बाकावर दोघं बसली. नणंद कागद घ्यायला आत थांबली होती.

“सांगायचं होतं की मला,” बाई म्हणाल्या.

“सांगितलं असतं, तर तू स्वतः उघडायला गेली असतीस.”

“गेले असते.”

“आणि रडली असतीस.”

बाईंनी आपला हात नवऱ्याच्या हाताखाली सरकवला. वरून दाबलेलं बाईंच्या बोटांना सोसत नसे, हे नवऱ्याला ठाऊक होतं. ते नुसता हात ठेवून बसले.

तीन आठवड्यांनी निकाल आला. अपील मंजूर झालं होतं, भत्ता पहिल्या अर्जाच्या तारखेपासून. दोन वर्षांनी पुन्हा तपासणी. नणंदेने फोनवर वकिलासारखं भाषण केलं.

मागण्याची सवय मात्र बाईंना सावकाश लागली. आधी त्या हुकूम सोडायच्या, मग नुसतं नाव घ्यायच्या, मग नुसतं बघायच्या.

पुढच्या महिन्यात त्यांनी कपाटातून निळ्या कापडाचा एक तुकडा काढायला लावला आणि नवऱ्याच्या हातात कात्री दिली. स्वतः समोर खुर्ची टाकून बसल्या. इकडे अर्धा इंच, तिकडे गोलाई, खडू उभा धरा, श्वास घ्या. दुपारभर हे चाललं. शेजारच्या शिंपिणीने तो शर्ट शिवून दिला. डावा खांदा उजव्याहून चांगला बोटभर खाली आला होता. नवऱ्याने आरशात पाहिलं आणि विचारलं, उसवून परत करायचा का.

बाईंनी मान तिरकी करून दोन्ही खांदे नीट पाहिले.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “छान झालाय.”